ऑर्किडचा वास फुलाच्या नेमक्या कोणत्या भागातून येतो: न्यूट्रल रेड, बरण्या आणि आयोडीन (आतापर्यंतची नोंद)

सध्याची स्थिती: स्टॅनहोपिया ऑक्युलाटा आणि रेस्ट्रेपिया अँटेनिफेरा या ऑर्किडांच्या तिन्ही चाचण्या (रंग, बरणी आणि स्टार्च) झाल्या आहेत. सीतेच्या वेणीची (ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा) फक्त बरणीची चाचणी झाली. वाघचौरा हा ऑर्किड बाकी आहे, तो फुलेल तेव्हा.

वास तयार करणाऱ्या ऊतीला ऑस्मोफोर म्हणतात. काही ऑर्किडमध्ये ती एका ठिकाणी एकवटलेली असते, काहींत पाकळ्यांच्या पृष्ठभागावर विखुरलेली असते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ श्टेफान फोगेल यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ती शोधण्यासाठी न्यूट्रल रेड या रंगाची पद्धत रूढ केली. आजही सगळे तीच वापरतात आणि बरेच जण तिथेच थांबतात. तिथे थांबू नये. हा रंग वास दाखवत नाही. ज्या जिवंत पेशींवरचं मेणचट आवरण (क्युटिकल) रंग आत जाऊ देतं, त्या पेशी तो दाखवतो. वास बाहेर पडायलाही असंच आवरण लागतं, म्हणून दोन्ही जागा बहुतेकदा एकच निघतात. पण मधुग्रंथी, स्त्रीकेसराचा चिकट भाग, केस, कापलेली कड आणि दबलेली जागासुद्धा तितक्याच जोमाने लाल होतात.

रंगाची चाचणी

०.१ ग्रॅम न्यूट्रल रेड १०० मिली पाण्यात विरघळवून गाळा आणि तपकिरी बाटलीत ठेवा. वापरताना १० मिली मूळ द्रावणात ९० मिली पाणी घाला, म्हणजे प्रमाण १:१०,००० होतं. स्टॅनहोपियाचं फूल मोठं असतं, त्याला अर्धा लिटर तरी लागतं: ५० मिली मूळ द्रावण आणि ४५० मिली पाणी.

सगळ्यात जास्त गडबड पाण्यामुळे होते. न्यूट्रल रेड पेशीत शिरतं ते विद्युतभार नसलेल्या रूपात. आतल्या आम्लधर्मी रिक्तिकेत (पेशीतल्या द्रवाच्या पिशवीत) गेल्यावर त्याच्यावर भार येतो आणि ते तिथेच अडकून साठतं. त्यामुळे बाहेरचं पाणी आम्लधर्मी असेल तर रंग शिरतच नाही. डिस्टिल्ड पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि त्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ६ च्याही खाली जातो, म्हणून 'शुद्ध पाणी वापरलं तरी फूल पांढरंच' ही तक्रार नेहमी ऐकू येते. उलट बोअरचं पाणी ८ च्या वर असेल तर द्रावण पिवळट होतं आणि रंगाचा गाळ बसतो. पीएच पट्टीवर ७ ते ७.५ दिसायला हवा. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलेलं असेल तर बहुधा चालतं.

वास सर्वांत जास्त असेल तेव्हा फूल देठासकट तोडा. चिमट्याने फक्त देठ धरा. पाकळी बोटांत दाबली गेली की दोन तासांनी तिथे बोटाच्या आकाराचा लाल डाग उमटतो, आणि तोच ऑस्मोफोर म्हणून फोटोत मिरवतो. फूल पूर्ण बुडवा. खरबरीत पृष्ठभागावर हवेचे बुडबुडे अडकतात आणि त्यांच्याखाली रंग पोचत नाही, म्हणून ते मऊ कुंचल्याने हलकेच सोडवा. भांडी घासण्याचा साबण थेंबभरही घालू नका. साबण पेशींचं आवरण खराब करतो आणि मग सगळं फूल गुलाबी होतं.

अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि चार तासांनी बघा. फोगेल यांच्या प्रमाणात २ ते १० तास धरले जातात, पण रात्रभर ठेवलं तर फरक पुसला जातो. शेवटी साध्या पाण्यात तीनदा धुवा. दुसरं एक फूल तितकाच वेळ साध्या पाण्यात ठेवलेलं हवंच. मुळात जांभळ्या असलेल्या रेषा कोणत्या आणि चढलेला रंग कोणता, हे त्याच्याशिवाय ठरत नाही. सीतेच्या वेणीची रंगाची चाचणी याच कारणाने सोडली आहे: जांभळी लिप (ऑर्किडची वेगळ्या आकाराची पाकळी) आणि जांभळे ठिपके, वर लाल रंग, वाचणार काय? पांढरी, पिवळी, हिरवट फुलं घ्या.

रेस्ट्रेपियात निकाल अगदी स्पष्ट आला. वरचं निदल (बाहेरच्या वर्तुळातलं दल) आणि दोन्ही बाजूच्या पाकळ्या बारीक दोऱ्यासारख्या असून टोकाला फुगीर असतात. आधी रंगली ती ही टोकंच, मधला दोरा फिकाच राहिला. प्रिजन आणि स्टर्न या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली ऑस्मोफोर दाखवले ते याच टोकांत. स्टॅनहोपियात लिपच्या बुडाशी असलेल्या पोकळ भागाची, म्हणजे हायपोकाइलची, आतली बाजू गडद झाली. बाहेरून बघितलं तर काहीच दिसत नाही. लिप उभी चिरूनच बघावी लागते आणि चिरलेल्या कडेपासून ३-४ मिलीमीटर भाग हिशेबात धरायचा नाही.

बरणीची चाचणी

निदलं, पाकळ्या, लिप आणि कॉलम (पुंकेसर-स्त्रीकेसर जुळून झालेला मधला खांब) वेगळे करून झाकणाच्या लहान काचेच्या बरण्यांत ठेवा, सोबत एक रिकामी बरणी. प्लास्टिक नको, ते टर्पीन (वासाचे घटक) शोषतं आणि पुढच्या फुलाला परत देतं. बरण्या वासाच्या साबणाने धुतल्या असतील तर चाचणी वाया गेलीच म्हणा. गरम पाण्याने धुवून ओव्हनमध्ये ११० अंशांवर सुकवाव्यात. कापल्याबरोबर हिरव्या गवताचा वास येतो, तो जखमेचा असतो. पंधरा मिनिटं उघड्यावर ठेवून मग झाकण लावा आणि अर्ध्या तासाने हुंगा. बरण्यांवर फक्त आकडे असावेत आणि हुंगणाऱ्याला यादी माहीत नसावी. नाक लवकर बधिर होतं, एका बैठकीत तीन-चार बरण्या पुरेत.

वासाला नाव देताना सगळ्यांचं 'गोडसर' असतं, आणि ते कुणाच्याच उपयोगाचं नाही. तुलनेसाठी नीलगिरीचं तेल (सिनिऑल), लवंगेचं तेल (युजेनॉल) आणि मिथाइल सॅलिसिलेट असलेला दुखण्यावरचा बाम, यांचा एकेक थेंब टिपकागदावर घेऊन वेगळ्या बरण्यांत ठेवा. ही निवड उगाच केलेली नाही. डॉडसन आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये अमेरिका खंडांच्या उष्ण पट्ट्यातल्या युग्लॉसिन मधमाश्यांच्या नरांना ऑर्किडच्या वासातल्या शुद्ध घटकांनी बोलावून दाखवलं, त्यात सिनिऑल ठळक होतं.

हे नर मधासाठी येत नाहीत, स्टॅनहोपियात मध नसतोच. हायपोकाइलच्या आत पुढच्या पायांवरच्या केसांनी ते वासाचा द्रव खरवडून घेतात आणि मागच्या पायांच्या पोकळीत साठवतात. खरवडता खरवडता पाय सुटतो. लिप आणि कॉलम यांच्यामधल्या अरुंद वाटेतून मधमाशी खाली घसरते आणि कॉलमच्या टोकाचे परागपुंज तिच्या पाठीला चिकटतात. ऑस्मोफोर चार सेंटिमीटर बाजूला असता तर ही घसरगुंडी लागूच झाली नसती. आपल्याकडे युग्लॉसिन मधमाश्या नाहीत, म्हणून इथल्या स्टॅनहोपियाला हाताने परागण केल्याशिवाय शेंग धरत नाही. ती धरत नाही म्हणून खत बदलत बसू नका.

रेस्ट्रेपियाकडे माश्या येतात आणि तिथे वासाची टोकं परागपुंजांपासून लांब असतात. म्हणजे तिथला वास लांबून बोलावण्यासाठी, स्टॅनहोपियातला नेमक्या जागी उभं करण्यासाठी. रंगाच्या फोटोंकडे या नजरेने बघितलं तरच त्यांना अर्थ आहे.

बरणीत वास आला नाही म्हणून ऑस्मोफोर नाही, असं लिहू नका. युरोपातल्या ऑफ्रिस या ऑर्किडांची फुलं मादी मधमाशीच्या अंगावरच्या हायड्रोकार्बनची नक्कल करतात. नर फसतो, आपल्या नाकाला मात्र जवळपास काहीच कळत नाही. बल्बोफायलम हे ऑर्किड पाळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी: काही जातींचा वास मिथाइल युजेनॉल किंवा झिंजेरोनवर चालतो आणि त्यावर बॅक्ट्रोसेरा फळमाश्यांचे नर येतात. आंब्याच्या बागेतल्या सापळ्यात मिथाइल युजेनॉलच असतं. शेजारी असा सापळा टांगलेला असेल तर फुलावर माशी आली की नाही, या नोंदीला फारसा अर्थ उरत नाही.

स्टार्चची चाचणी

वास बनवायला ऊर्जा लागते आणि ऑस्मोफोरच्या पेशी ती कळीतच स्टार्चच्या रूपात साठवतात. उमलायच्या आदल्या दिवशीची कळी, पहिल्या दिवसाचं फूल आणि कोमेजू लागलेलं फूल, असे तीन टप्पे घ्या. दाढीच्या ब्लेडने थर्माकोलमध्ये धरून पातळ काप काढा. बटाट्यात धरू नका, बटाट्याचाच स्टार्च कापावर येतो. मेडिकलमधलं १० टक्के पोव्हिडोन आयोडीन एक भाग, पाणी नऊ भाग. २-३ मिनिटं ठेवून धुवा आणि १०० ते ४०० पट मोठं करून बघा. स्टॅनहोपियाच्या कळीत हायपोकाइलच्या पेशी निळ्या-काळ्या कणांनी गच्च भरलेल्या होत्या, शेवटच्या टप्प्यात जवळजवळ रिकाम्या. त्याच फुलाच्या साध्या पाकळीचा काप शेजारी ठेवा, नाहीतर फरक कशाशी लावणार? अंडाशयातही स्टार्च असतो, तो पुरावा धरू नये.

स्टॅनहोपियाचं फूल तीनेक दिवसच टिकतं, म्हणून कळी फुगायला लागली की द्रावणं तयार ठेवा.

वाघचौऱ्यासाठी

हा सह्याद्रीतला जमिनीवरचा ऑर्किड, पांढरा आणि रात्री घमघमणारा. फूल तोडायचं नाही, कंद उपटायचा तर प्रश्नच नाही. एकाच फुलावर ओव्हनमध्ये चालणारी पॉलिएस्टरची पिशवी सैल बांधायची, शेजारी एक रिकामी पिशवी हवेत टांगायची. संध्याकाळी सहा, रात्री नऊ आणि सकाळी सहा अशा तीन वेळा, प्रत्येक वेळी अर्धा तास. पिशवी आतून दमट झाली तर लगेच काढायची, कारण बाष्पाच्या थेंबांत वासाचे घटक विरघळतात आणि नोंद कमी दिसते.