ओव्हनची जळलेली कॉइल आणि फोनवरचा दादा

गुरुवारी रात्री ओव्हनमध्ये मागच्या जाळीआड निळसर पांढरा लखलखाट झाला, ‘फट्’ असा आवाज आला आणि घरभर अंधार. ओव्हनचा नॉब बंद करून मी मोबाइलच्या उजेडात बोर्डापाशी गेले. एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की पडणारे स्विच, सगळे जागच्या जागी होते. पडला होता तो ईएलसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की पडणारा स्विच. तो वर केला तशी घरात वीज आली. ओव्हनचा दिवाही लागला. ग्रिल लावून पाहिलं तर वरची कॉइल लालबुंद झाली. पण नॉब आतली गरम हवा फिरवणाऱ्या पंख्याच्या खुणेवर नेला की पुन्हा अंधार. दोनदा तसंच झालं, मग मी हात आवरता घेतला.

परदेशात येईपर्यंत ओव्हन म्हणजे ओट्यावर ठेवायची छोटी पेटी, एवढीच माझी कल्पना होती. इथल्या भाड्याच्या घरात तो ओट्याखालच्या कपाटात कायमचा बसवलेला आहे. रोजचा अर्धा स्वयंपाक त्याच्यावर होतो, त्यामुळे तो बंद पडला की घडी विस्कटते. दुसऱ्या दिवशी एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. नऊ दिवसांनंतरची वेळ मिळाली. ओव्हन अकरा वर्षांचा आहे म्हटल्यावर तो म्हणाला, त्यापेक्षा नवीनच घ्या. मला ते फार लागलं. दार नीट बसतंय, पंखा चालतोय, ग्रिल तापतंय, काचेला साधा चरा नाही, आणि एका कॉइलसाठी एवढा मोठा लोखंडी डबा भंगारात द्यायचा? घरमालकाला विचारलं, त्यांनी करून बघ म्हटलं, आणि मी दादाला व्हिडिओ कॉल लावला.

दादा वायरमन आहे. लहानपणी त्याच्या मागे टॉर्च धरून उभं राहायचं काम माझ्याकडे असायचं. या वेळी कामं उलटी वाटली गेली होती. हात माझे आणि नजर त्याची.

“ग्रिल चालतंय ना?” त्याने पहिलं विचारलं.

“हो, व्यवस्थित.”

“मग सप्लाय येतोय. पंख्याची कॉइल बॉडीला लागलीये. पण स्क्रूला हात लावायच्या आधी प्लग काढ.”

“बोर्डातला एमसीबी पाडला तर नाही चालणार?”

“सिंगल पोल एमसीबी एकच तार तोडतो. नॉबही पुष्कळ ओव्हनमध्ये एकच तोडतो. दुसरी जोडलेलीच राहते. प्लग कुठे आहे ते शोध, काढ आणि मला दाखव. प्लग तुझ्या हातात दिसल्याशिवाय मी पुढचं काही सांगणार नाही.”

प्लग शेजारच्या कपाटात, भांड्यांच्या मागे सापडला. तो काढून मी ओट्यावर कॅमेऱ्यासमोर ठेवला, आणि काम संपेपर्यंत तो तिथेच, दोघांच्या नजरेसमोर राहिला. या दुरुस्तीत मला सगळ्यांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच. पुष्कळ घरांत ओव्हनला प्लगच नसतो, वायर थेट भिंतीत जाते. तिथे दोन्ही तारा तोडणारा मेन स्विच पाडायचा, कोणी चुकून वर करू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावायची, आणि मल्टीमीटर (व्होल्ट आणि रोध मोजायचा छोटा मीटर) आधी चालू असलेल्या पॉइंटवर, मग ओव्हनच्या टर्मिनलवर, मग पुन्हा चालू पॉइंटवर लावून खात्री करायची. मीटरच बिघडलेला असेल तर शून्य दाखवतो आणि माणूस फसतो, म्हणून तीनदा. काही देशांत अशा कायमच्या वायरिंगला परवाना असलेल्या माणसानेच हात लावायचा असा कायदा आहे. तिथे तो पाळावा.

ओव्हन पूर्ण गार झाल्यावर जाळ्या बाहेर काढल्या आणि आतल्या मागच्या पत्र्याचे चार स्क्रू हाती घेतले. तीन निघाले. चौथ्याच्या खाचेत तेलकट काळा थर जळून दगडासारखा बसला होता, स्क्रूड्रायव्हर नुसता घसरत होता. “जोर करू नकोस, डोकं गुळगुळीत झालं की ड्रिल मारावं लागेल,” दादा म्हणाला. “दाभणाने खाच कोर.” पाच मिनिटं मी खाच कोरत बसले. मग खाचेत घट्ट बसेल असा मोठा स्क्रूड्रायव्हर लावला, तळव्याने दाबून धरला आणि त्याने सांगितल्याप्रमाणे आधी स्क्रू किंचित आवळला, मग उलटा फिरवला. ‘कट्’ असा आवाज आला आणि तो सुटला. अडकलेला स्क्रू आधी आवळून मग सोडवायचा, ही युक्ती मी आता कुठेही वापरीन.

पत्रा निघाला आणि कॉइल दिसली. पंख्याभोवती अडीच वेढे घातलेली, करंगळीहून बारीक नळी. डाव्या खालच्या अंगाला ती फुगून फाटली होती. भोक ज्वारीच्या दाण्याएवढं, कडा वितळून गोल झालेल्या, आणि आतून पांढरी भुकटी डोकावत होती. अकरा वर्षं रोज वापरलेली वस्तू आतून कशी आहे, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

आपण जिला कॉइल म्हणतो ती खरी या नळीच्या आत असते. निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची, म्हणजे नायक्रोमची, स्प्रिंगसारखी वळलेली बारीक तार नळीच्या मधोमध असते. तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली असते. ही भुकटी वीज अडवते पण उष्णता पुढे जाऊ देते. सगळी करामत या एका गुणावर आहे. तार लाल होते, उष्णता नळीला मिळते आणि वीज मात्र आतच राहते. नायक्रोमचं पेटंट अल्बर्ट मार्श यांना १९०६ साली मिळालं. त्याआधीच्या तारा तापल्या की हवेत लवकर गंजून तुटायच्या. नायक्रोम तापलं की त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो आणि तोच आतल्या धातूला सांभाळतो. पाणी तापवायचा रॉड, गीझर, इस्त्री, पुष्कळ ठिकाणी हीच रचना आहे. त्यामुळे तुमच्या घरी ओव्हन नसला तरी ही नळी तुमच्या घरात आहेच.

तरी ती कधीतरी जाते. तापणं-निवणं हजारो वेळा झालं की तार एखाद्या ठिकाणी बारीक होते, तिथे जास्त तापते, म्हणून आणखी बारीक होते. शेवटी तुटते, आणि तुटताना ठिणगी पडून नळीही फाडते. माझ्या ओव्हनमध्ये फेजकडचं तुटलेलं टोक नळीला टेकलं, नळी बॉडीला, बॉडी अर्थला जोडलेली, आणि ईएलसीबीने तेवढ्यात वीज तोडली. घरातला ईएलसीबी साधारण ३० मिलीअँपिअर गळतीला पडतो. अर्थिंग किंवा ईएलसीबी नसेल तर हीच कॉइल ओव्हनच्या पत्र्यालाच वीज देऊ शकते. दादाने हे सांगताना आवाज चढवला होता, म्हणून मीही इथे तेवढ्याच जोराने लिहितेय.

कॉइलचे दोन स्क्रू काढून ती हळूच पुढे ओढली. मागून दोन तारा आल्या, त्यांच्या टोकांना चपट्या पत्तीवर बसणारे लग. आधी फोटो काढले. “आता तारा आत जाऊ देऊ नकोस,” दादा म्हणाला. “भोकातून मागे गेल्या तर अख्खा ओव्हन कपाटातून बाहेर काढायला लागेल.” लग काढल्याबरोबर मी प्रत्येक तारेला कपड्यांचा एक चिमटा लावला. चिमटा भोकातून जात नाही, तार तिथेच थांबते.

मग मीटर. कॉइल तारांपासून सुटी असतानाच मोजायची, नाहीतर मीटरला दुसरा रस्ता सापडतो आणि आकडा खोटा येतो. दोन पत्त्यांमध्ये मीटरने काहीच दाखवलं नाही, म्हणजे तार तुटलेली. एक पत्ती आणि नळी यांच्यात मात्र आकडा आला. तिथे काहीही यायला नको. निदान पक्कं झालं.

नवीन कॉइल मागवताना मी एक दिवस घालवला आणि तो घालवायलाच हवा होता. दार उघडल्यावर चौकटीवर एक छोटी पट्टी दिसते, तिच्यावर पूर्ण मॉडेल नंबर असतो. जुन्या कॉइलच्या पत्र्यावर व्होल्ट आणि वॅट ठोकलेले असतात. माझ्या कॉइलवर २३० व्होल्ट, २००० वॅट होतं. दिसायला हुबेहूब तशीच दुसरी एक कॉइल २५०० वॅटची निघाली. वेढे तेवढेच, स्क्रूची भोकंही त्याच अंतरावर. ती बसली असती. पण २००० वॅटला ८.७ अँपिअर लागतात, २५०० ला जवळजवळ ११. आतल्या तारा, लग आणि थर्मोस्टॅट पहिल्या आकड्यासाठी निवडलेले असतात. म्हणून वस्तू दिसण्यावरून घेऊ नका, आकडे जुळवूनच घ्या. किंमत विचाराल तर नव्या ओव्हनच्या मानाने अगदी किरकोळ.

चार दिवसांनी कॉइल आली. बसवायच्या आधी मीटर लावला: रोध २७ ओहम. दादाने विचारलं, बरोबर आहे का कसं ओळखशील? व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. २३० गुणिले २३०, भागिले २०००, म्हणजे साडेसव्वीसच्या आसपास. आकडा जुळला तेव्हा झालेला आनंद मी लपवला नाही. जुन्या पिवळ्या बल्बमधल्या तारेचा गार असतानाचा रोध तापल्यावर दहा पटींहून जास्त वाढतो, म्हणून तिथे हा हिशोब लागत नाही. नायक्रोमचा रोध तापल्यावरही फार बदलत नाही, त्यामुळे गार कॉइल मोजूनही खरं कळतं. पत्ती आणि नळी यांच्यात मीटर मुका राहिला. तेही बरोबर.

आता लग. उजवा चकचकीत होता, डावा तपकिरी पडलेला आणि पत्तीवर सैल. तसाच ढकलून बसवला असता तर बसला असता, पण दादाने कॅमेरा जवळ न्यायला सांगितला.

“हा बदल. सैल लग तापतो, तापला की आणखी सैल होतो.”

मी कागदावर हिशोब करून पाहिला. सैल जोडात फक्त ०.१ ओहम रोध असला तरी ८.७ अँपिअरला तिथे साडेसात वॅट उष्णता तयार होते, तीही नखाएवढ्या जागेत. नवी कॉइल घालून जुना सैल लग ठेवणं म्हणजे पुढच्या बिघाडाची तयारी करून ठेवणं. तार तांबं चकचकीत लागेपर्यंत मागे कापली, उष्णता सोसणारा निकेलचा मुलामा दिलेला लग घेतला आणि क्रिम्पिंगच्या पक्कडीने दाबला. डाग द्यायचा नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. नेहमीचं कथील-शिशाचं सोल्डर १८३ अंशांनाच वितळतं, आणि ओव्हनच्या कॉइलपाशी ते टिकण्याची खात्री नाही. तारसुद्धा बदलायची झाली तर सिलिकॉनच्या किंवा काचतंतूच्या वेष्टनाचीच हवी, घरातल्या वायरिंगची साधी पीव्हीसी तार तिथे वितळते. लग बसवल्यावर मी तो ओढून पाहिला, हलला नाही. चिमटे काढले, तारा हळूच मागे सरकवल्या, त्या कुठे नळीला टेकत नाहीत ना ते टॉर्च मारून पाहिलं आणि दोन स्क्रू आवळले. पंखा बोटाने फिरवून बघितला, कुठे घासत नव्हता. मग मागचा पत्रा, मग जाळ्या, आणि सगळ्यांत शेवटी प्लग.

कॉइल बसवायला पंधरा मिनिटं लागली असतील. बाकी सगळा वेळ शोधण्यात, मोजण्यात आणि खात्री करण्यात गेला.

पहिल्यांदा तापवताना ओव्हन रिकामा ठेवला, २५० अंशांवर, अर्धा तास, खिडक्या उघड्या. कारखान्यातलं तेल नळीवर राहिलेलं असतं, त्याचा उग्र वास आणि थोडा धूरही येतो. आधी माहीत नसेल तर माणूस घाबरून बंद करेल. ती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे फार दिवस पडून राहिलेली कॉइल पहिल्या तापवण्यात ईएलसीबी पाडू शकते, असं दादाने बजावलं होतं. म्हणून मी बोर्डाकडे तोंड करून उभी होते. दोन मिनिटं गेली, पाच गेली, ईएलसीबी पडला नाही. ओव्हनमधल्या थर्मामीटरचा काटा बारा मिनिटांत २०० च्या पुढे गेला.

“जुनी कॉइल टाकू नकोस,” दादा फोनवरून म्हणाला. “करवतीने काप, मला आतलं बघायचंय.”

दोन दिवसांनी खाली वर्तमानपत्र पसरून मी ती कापली. पांढरी भुकटी सांडली आणि मधोमध स्प्रिंग दिसली, अकरा वर्षांनंतरही वेढे सारख्या अंतरावर. जिथे तुटली होती तिथे टोकाला मोहरीएवढा काळा मणी झाला होता. तो मी कॅमेऱ्यापुढे धरला. दादा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “जरा उजेडात धर.”

प्लगच्या कपाटात आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवलाय. त्यावर मॉडेल नंबर, तारीख, २३० व्होल्ट, २००० वॅट, २७ ओहम, आणि खाली: डावा लग नवीन.