जागतिक वारसा यादीतला तोल: घोडं अडतं ते कागदावर

१९९४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने यादीत तोल आणण्याचं धोरण ठरवलं, तेव्हा यादीत ४१० स्थळं होती. ३०४ सांस्कृतिक, ९० नैसर्गिक, १६ मिश्र. जुलै २०२५ च्या पॅरिस बैठकीनंतर आकडा १२४८ झाला. ९७२ सांस्कृतिक, २३५ नैसर्गिक, ४१ मिश्र. आता टक्केवारी काढून बघा. सांस्कृतिक स्थळांचा वाटा तेव्हा ७४ टक्के होता, आज ७८ आहे. नैसर्गिक स्थळं २२ टक्क्यांवरून १९ वर आली. म्हणजे तीस वर्षं तोलाची भाषा चालू आहे आणि निदान या बाबतीत तरी काटा उलट्याच बाजूला झुकलाय. युरोप-उत्तर अमेरिका हा गट जवळपास निम्मी यादी व्यापून आहे, तर आफ्रिका गट दहा टक्क्यांच्या आतच आहे.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. युनेस्कोच्या हिशेबात इजिप्त किंवा मोरोक्को 'आफ्रिका'त येत नाहीत, ते 'अरब देश' गटात मोजले जातात. आणि अनेक देशांनी मिळून नोंदवलेलं स्थळ एकूण यादीत एकदाच धरतात, पण प्रत्येक देशाच्या खात्यावर वेगळं दिसतं. युरोपातली बीचची जुनी जंगलं १८ देशांत पसरलीत, यादीत मात्र ती एकच नोंद आहे. त्यामुळे देशवार आकड्यांची बेरीज करून काढलेले निष्कर्ष सरळ बाजूला ठेवावेत.

तोल ढळला म्हणजे नेमकं काय, हे इकोमॉस या समितीच्या सांस्कृतिक वारशासाठीच्या सल्लागार संस्थेने १९८७ ते १९९३ या काळात यादी तपासून सांगितलं होतं. युरोप, ऐतिहासिक शहरं, ख्रिस्ती धर्मस्थळं आणि सत्ताधाऱ्यांनी, धनिकांनी उभारलेल्या वास्तू यांची गर्दी. जिवंत परंपरा जवळपास गैरहजर. हे नीट वाचलं तर कळतं की प्रश्न नकाशाइतकाच प्रकारांचाही आहे. एखाद्या देशाची पाच नवी स्थळं आली आणि ती पाचही राजवाडे असली, तर नकाशा जरा सुधारतो, यादी तशीच राहते. निसर्गातही तेच. २००४ च्या आढाव्यात आययूसीएन या नैसर्गिक स्थळांच्या सल्लागार संस्थेने गवताळ प्रदेश, तलावांच्या साखळ्या, टुंड्रा आणि थंड वाळवंटं या उणिवा दाखवल्या होत्या.

यावर समितीने जो उपाय वारंवार केला, तो संख्येला लगाम घालण्याचा. २००० साली ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सच्या बैठकीत ठरलं की एका देशाचा वर्षाला एकच प्रस्ताव. ज्यांचं एकही स्थळ नाही, त्यांना यातून सूट. २००४ मध्ये चीनमधल्या सूचौला मर्यादा दोनवर नेली, पण त्यातला एक नैसर्गिक हवा आणि वर्षाचे एकूण प्रस्ताव ४५. आता पुन्हा देशाला एक आणि एकूण ३५ असा नियम आहे, फेब्रुवारी २०२० पासून लागू झालेला. प्रस्ताव ३५ च्या वर गेले तर प्राधान्यक्रम लागतो: आधी एकही स्थळ नसलेले देश, मग तीनपर्यंत स्थळं असलेले, आणि पुढे नैसर्गिक स्थळं, मिश्र स्थळं, सीमापार स्थळं वगैरे.

लगामाचा एक दुष्परिणाम कुणीही सांगू शकला असता. वर्षाला एकच प्रस्ताव म्हटल्यावर ज्यांच्याकडे तज्ज्ञ आणि पैसा आहे, त्यांनी एकाच प्रस्तावात वीस-तीस ठिकाणं बांधायला सुरुवात केली. मोजणीत एक, प्रत्यक्षात डझनावारी. नियमाप्रमाणे अशा मालिकेतल्या प्रत्येक घटकाने एकूण मूल्यात ठोस, दाखवता येईल अशी भर घालायला हवी. ही चाळणी कडक लावली तर अर्ध्या मालिका आखूड होतील. शिवाय वरच्याला थांबवलं म्हणून खालचा आपोआप वर येत नाही. त्याचा कागद कुठे अडतो, ते बघावं लागतं.

पहिली अडचण तात्पुरत्या यादीत, म्हणजे पुढेमागे नामांकनासाठी धरलेल्या स्थळांच्या देशाच्या स्वतःच्या यादीत. नामांकनाच्या किमान एक वर्ष आधी स्थळ देशाच्या तात्पुरत्या यादीत असावं लागतं. पुष्कळ देशांच्या या याद्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घाईने केलेल्या असतात: राजधानीचा जुना भाग, एक किल्ला, एक राष्ट्रीय उद्यान. म्हणजे ज्या प्रकारांची मुख्य यादीत आधीच दाटी आहे, नेमके तेच. यादी नव्याने करताना इकोमॉसच्या २००४ च्या उणिवा-अहवालातल्या तीन चौकटी समोर ठेवाव्यात: प्रकार, कालखंड-प्रदेश आणि विषय. मग शेजारी देशांच्या तात्पुरत्या याद्या शेजारी ठेवून वाचाव्यात. दोन देशांनी एकाच व्यापारी मार्गाचे, एकाच पाणथळीचे तुकडे वेगवेगळे नोंदवलेले हमखास सापडतात. ते जोडून संयुक्त प्रस्ताव केला तर तो कोणत्या देशाच्या वार्षिक कोट्यात धरायचा, हे त्या देशांनी आपसांत ठरवायचं असतं. गांबिया आणि सेनेगल यांची दगडी वर्तुळं २००६ मध्ये अशीच एकत्र नोंदली गेली.

दुसरी अडचण तुलनात्मक विश्लेषणात, आणि सगळ्यात जास्त प्रस्ताव इथेच लंगडतात. 'आमच्यासारखं यादीत काहीच नाही' एवढं लिहून भागत नाही. यादीत उणीव आहे म्हणजे आपल्या स्थळाला असाधारण वैश्विक मूल्य (साऱ्या जगासाठी महत्त्व, नोंदीची मूळ अट) आहे, असं होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रम असा हवा: आधी कोणत्या निकषांवर दावा आहे ते ठरवायचं (निकष दहा आहेत, पहिले सहा सांस्कृतिक आणि शेवटचे चार नैसर्गिक), मग त्या दाव्याचा भार उचलणारे घटक लिहायचे, आणि त्या घटकांवरच तुलना करायची. तुलनेत यादीतली स्थळं हवीत, तात्पुरत्या याद्यांतली हवीत आणि कुठल्याच यादीत नसलेलीही हवीत. सांस्कृतिक स्थळासाठी त्याच भू-सांस्कृतिक प्रदेशातली तुलना बहुधा पुरते, नैसर्गिक स्थळासाठी मात्र जगभरातली लागते.

चुका ठरलेल्या असतात. फक्त आपल्याच देशातल्या स्थळांशी तुलना. मुद्दाम कमकुवत स्पर्धक निवडणं. 'सर्वांत मोठं', 'सर्वांत जुनं' अशी विशेषणं, ज्यांचा निकषाशी संबंध नसतो. आणि सगळ्यात केविलवाणी म्हणजे बरोबरच्या खुणांनी भरलेला तक्ता, ज्याच्याखाली निष्कर्षाची एक ओळही नसते. परीक्षकाला तक्ता नको असतो. या स्थळासाठी यादीत जागा आहे का आणि का, एवढंच त्याला वाचायचं असतं.

स्मारक नाही, शिलालेख नाही, तरी प्रस्ताव उभा कसा राहतो, याचं चांगलं उदाहरण वानुआतूचं आहे. तिथला सरदार रोई माता साधारण १६०० च्या सुमारास वारला. २००८ मध्ये नोंदल्या गेलेल्या स्थळात तीन जागा आहेत: एफाते बेटावरची त्याची वस्ती, लेलेपा बेटावरची गुहा जिथे त्याचा मृत्यू झाला, आणि आर्टोक बेटावरचं दफनस्थळ. मधला समुद्रही हद्दीत आहे, कारण गोष्ट या तीन जागांची मिळून आहे. दफनस्थळी माणसं सामूहिकरीत्या पुरल्याचं लोक तोंडी सांगत आले होते. १९६७ मध्ये तिथे उत्खनन झालं आणि सुमारे पन्नास जणांचं दफन सापडलं. मौखिक परंपरा आणि जमिनीतला पुरावा एकमेकांना टेकले. दुसरं बघा: त्याच्या मृत्यूनंतर या जागांवर 'ताबू' म्हणजे रूढीची बंदी आली आणि चारशे वर्षं लोकांनी ती पाळली. तीच बंदी अवशेष जपणारी ठरली आणि परंपरा जिवंत असल्याचा पुरावाही. प्रस्तावात अशी एकच गोष्ट दोन-तीन खणांत काम करते, तेव्हा तो भक्कम होतो.

असे प्रस्ताव मुळात शक्य झाले ते दोन बदलांमुळे, आणि संख्येच्या लगामापेक्षा या दोन्हींनी जास्त काम केलं असं माझं ठाम मत आहे. १९९२ मध्ये 'सांस्कृतिक भूदृश्य' (माणूस आणि निसर्ग यांच्या नात्यातून घडलेला प्रदेश) हा प्रकार मान्य झाला, आणि पुढच्याच वर्षी न्यूझीलंडचं टोंगारिरो त्या प्रकारात नोंदलं गेलं. माओरींना पवित्र असलेले ते डोंगर आधी फक्त निसर्ग म्हणून यादीत होते. १९९४ मध्ये जपानमधल्या नारा इथे तज्ज्ञांनी केलेल्या नारा दस्तऐवजाने अस्सलपणाची व्याख्या सैल केली. मूळ दगड, मूळ लाकूड एवढ्यावरच न थांबता वापर, कारागिरी, परंपरा यांनाही अस्सलपणात जागा मिळाली. युगांडातल्या कासुबी समाध्यांची मुख्य इमारत २०१० मध्ये जळाली. जुन्या मोजमापाने तिथेच विषय संपला असता. पण छप्पर शाकारण्याचं ज्ञान लोकांकडे शिल्लक होतं, इमारत पुन्हा उभी राहिली आणि २०२३ मध्ये स्थळ धोक्याच्या यादीतून (धोक्यात आलेल्या वारसास्थळांची वेगळी यादी) बाहेर आलं.

हद्दीबद्दल थोडक्यात. आधी मूल्य वाहणारे घटक नकाशावर टिंबांनी टाकायचे, मग त्यांच्याभोवती रेष, मग त्यावर कायदेशीर संरक्षणाचा नकाशा. रेषेतला जो भाग संरक्षणाबाहेर राहतो, त्यासाठी आधी कायदा करायचा किंवा तो भाग का सोडला हे सांगायचं. सर्रास होतं ते उलट: खात्याच्या ताब्यातली जमीन हीच हद्द ठरते आणि अर्धं मूल्य कुंपणाबाहेर राहतं. बफर झोन, म्हणजे स्थळाभोवतीचा संरक्षक पट्टा, नोंदलेल्या स्थळाचा भाग नसतो, आणि तो ठेवला नसेल तर गरज का नाही याचं स्पष्टीकरण द्यावं लागतं.

हद्दीबाहेर काय चाललंय याकडे डोळेझाक केली की काय होतं, ते सॉलोमन बेटांवरच्या ईस्ट रेनेलने (रेनेल बेटाचा पूर्व भाग) दाखवलं. १९९८ मध्ये ते नोंदलं गेलं तेव्हा सरकारी कायद्याऐवजी रूढीने चालणारी जमीनमालकी आणि व्यवस्थापन ग्राह्य धरलं गेलं. नैसर्गिक स्थळांत हे पहिल्यांदाच घडलं. पण बेटाच्या पश्चिम भागात, हद्दीबाहेर, लाकूडतोड आली आणि २०१३ मध्ये स्थळ धोक्याच्या यादीत गेलं. रूढी आपल्या हद्दीत पुरेशी होती. शेजारच्या परवान्यावर तिचा हुकूम चालत नव्हता. तेव्हा पारंपरिक व्यवस्थापन दाखवताना, आजूबाजूच्या जमिनीवर परवानगी कोण देतं हेही त्याच प्रकरणात लिहावं.

संमतीचा मुद्दा २०१९ पासून नियमातच आहे. आदिवासी समाजाच्या जमिनीवरचा प्रस्ताव असेल, तर त्यांची मुक्त, आगाऊ आणि माहितीपूर्ण संमती घेतल्याचं दाखवावं लागतं. केनियाच्या तलाव-प्रणालीची २०११ मध्ये नोंद झाली तेव्हा तिथल्या एंडोरोइस या आदिवासी लोकांना विचारलं नाही, यावर आफ्रिकेच्या मानवाधिकार आयोगाने ठराव करून आक्षेप घेतला होता. सह्यांचा कागद शेवटच्या महिन्यात गोळा करणं म्हणजे संमती नव्हे. हद्द ठरायच्या आधीच्या बैठकांची टिपणं जोडलेली बरी.

आता वेळापत्रक. प्राथमिक मूल्यांकन, म्हणजे पूर्ण प्रस्तावाआधी सल्लागार संस्थांनी करायची पहिली तपासणी, हा टप्पा अलीकडे आला आहे आणि संक्रमणकाळ संपला की तो सगळ्यांना बंधनकारक आहे. विनंती १५ सप्टेंबरपर्यंत, अहवाल पुढच्या वर्षी १ ऑक्टोबरला. तो केवळ कागदपत्रांवरून होतो, प्रत्यक्ष भेट नसते. अहवाल मिळाल्यापासून पूर्ण प्रस्ताव देईपर्यंत किमान १२ महिने जावे लागतात आणि अहवाल पाच वर्षं चालतो. पूर्ण प्रस्ताव १ फेब्रुवारीला, इंग्रजी किंवा फ्रेंचमध्येच. त्याआधी ३० सप्टेंबरपर्यंत मसुदा पाठवला तर तो पूर्ण आहे का हे तपासून मिळतं. हे ऐच्छिक आहे म्हणून सोडून देणारे पुढे नकाशाच्या प्रमाणासारख्या किरकोळ कारणावरून एक वर्ष गमावतात. हिशेब मांडला तर सप्टेंबर २०२६ मध्ये विनंती करणाऱ्याचा प्रस्ताव २०३० च्या मध्यावर समितीपुढे येतो. भाषांतराचे पैसे आणि वेळ यात धरलेला नाही, आणि ज्यांचं सगळं साहित्य स्थानिक भाषेत किंवा तोंडी आहे त्यांना तो सगळ्यात महाग पडतो.

सल्लागार संस्थांनी 'पुढे ढकला' म्हटलं की देशात नाचक्की झाल्यासारखं वाटतं आणि मग समितीच्या सभागृहातच ती शिफारस फिरवून घ्यायची धडपड सुरू होते. गिनी-बिसाऊचा बिजागोस द्वीपसमूहाचा प्रस्ताव २०१३ मध्ये असाच पुढे ढकलला गेला होता. देशाने तो नव्याने बांधला आणि २०२५ मध्ये देशाचं पहिलं स्थळ यादीत आलं. बारा वर्षं फार झाली, मान्य. पण व्यवस्थापन आराखड्याशिवाय मिळवलेली नोंद बहुधा धोक्याच्या यादीची वाट धरते, आणि ती यादीही पुन्हा याच देशांनी भरते.

राहिला पैसा. प्रस्ताव-तयारीसाठी जागतिक वारसा निधीतून ३०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत मदत मिळते. अर्जाची मुदत ३१ ऑक्टोबर. तात्पुरती यादी नव्याने करणं, शेजाऱ्यांशी ती जुळवून घेणं, यालाही हा पैसा चालतो, आणि माझ्या मते तो इथेच आधी खर्च करावा. मात्र देशाची निधीतली वर्गणी थकलेली असेल तर आणीबाणीची मदत सोडून काहीही मिळत नाही. ही वर्गणी युनेस्कोच्या वर्गणीच्या एक टक्का, म्हणजे लहान देशासाठी अगदी किरकोळ रक्कम असते. ती भरायची असते वेगळ्याच मंत्रालयाने, आणि वारसा खात्याला थकबाकीचा पत्ता अर्ज फेटाळल्यावर लागतो. अर्जाचा पहिला परिच्छेद लिहिण्याआधी त्या मंत्रालयाकडून पावती मागवून घ्यावी.