मॉनिटर ठणठणीत होता, टाकी रिकामी होती

आधी दुकानाचं सांगतो, कारण राग अजून तिथंच अडकलाय. लातूरला गोलाईकडच्या एका दुकानात माझा मॉनिटर चार दिवस पडून होता. पाचव्या दिवशी तिथला पोरगा म्हणाला, "सर, यात तर काहीच निघालं नाही." तरी चेकिंगचे तीनशे घेतले आणि वर एक नवी केबल गळ्यात मारली. मॉनिटरला खरोखरच काही झालेलं नव्हतं. मी बेशुद्ध पडत होतो, एवढंच.

मी म्हणजे माझा वैमानिक. दिवसभर नीटच्या पोरांना केमिस्ट्री शिकवायची आणि रात्री दहानंतर कॉम्प्युटरच्या सिम्युलेटरवर, म्हणजे विमान उडवायच्या गेमवर, दुसऱ्या महायुद्धातलं पी-51डी मस्टँग हे लढाऊ विमान उडवायचं, हा माझा दोन वर्षांचा नाद. इंजिन चालू करणं, टेकऑफ, फॉर्मेशन वगैरे शिकायला महिना गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते बाँबर विमानांना सोबत करायच्या मिशनमध्ये. ती विमानं 25,000 फुटांवर. तिथवर चढायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात. वर पोचलो, बाँबर दिसायला लागले, की स्क्रीनच्या कडा काळवंडायच्या. रंग उडायचे, मधे एक उजेडाचा गोल उरायचा, मग तोही मिटायचा. विमान नाक खाली करून जमिनीत. पुन्हा पहिल्यापासून वीस मिनिटं.

असं आठ रात्री झालं. दोनदा मधेच लाईट गेली, त्या मोजल्या नाहीत.

पहिला संशय मॉनिटरवर, कारण कडा काळ्या पडतायत म्हणजे बॅकलाईट निकामी होत चाललाय असं मला वाटलं. दुकानात त्यांनी युट्यूबवर गाणी लावून बघितली, ती चकाचक दिसली. दिसणारच, गाणी काय 25,000 फुटांवर लावली होती का? मग ग्राफिक्स कार्ड काढून खोडरबरने घासलं. ड्रायव्हर उडवून पुन्हा टाकले. बायको म्हणाली, तुमचे डोळे तपासून घ्या. खाली उडताना कधीच काही होत नव्हतं, यावरून तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. डाल्टनचा आंशिक दाबाचा नियम मी वर्षातून चार बॅचेसना शिकवतो. हवेत ऑक्सिजन वरही 21 टक्केच असतो, पण 18,000 फुटांवर हवेचा दाबच निम्मा होतो, त्यामुळे रक्तात शिरायला ऑक्सिजनला जोर उरत नाही. हे फळ्यावर लिहिणारा माणूस घरी ग्राफिक्स कार्ड घासत बसला होता.

कोडं सोडवलं परळीच्या मामांनी. मामांचं फॅब्रिकेशनचं काम, उभा जन्म गॅस कटिंगमध्ये गेला. लग्नाच्या पत्रिका वाटायला आले होते, रात्री मुक्काम केला. मी चढत होतो आणि ते मागच्या खुर्चीत बसून चहा पीत होते. मधेच म्हणाले, "भाच्या, ह्यो कशाचा काटा हाय?" म्हटलं, ऑक्सिजनचा. "मग टाकी तर रिकामी हाय की तुझी. झिरोवर आलाय बघ."

पॅनेलच्या उजव्या बाजूला खाली तो एवढासा डायल. आठ रात्रींत मी तिकडं एकदाही बघितलं नव्हतं. मामांनी खोलीत आल्यावर दुसरं काही बघितलंच नव्हतं, कारण स्वतःच्या वर्कशॉपमध्ये शिरल्यावर ते पहिला गॅसच्या टाकीचा काटाच बघतात.

चूक अशी होती. मस्टँगच्या ऑक्सिजन रेग्युलेटरवर एक लाल खटका असतो, इमर्जन्सीचा. मी तो जमिनीवरच उघडून ठेवत होतो. का, तर 2021 च्या एप्रिलमध्ये वडील ऑक्सिजनवर होते आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात फ्लो जास्त म्हणजे माणूस सुरक्षित, असं बसलंय. पण हा रेग्युलेटर मागणीप्रमाणे देणारा. वैमानिक श्वास ओढेल तेवढाच सोडतो, आणि खालच्या उंचीवर त्यात बाहेरची हवा मिसळून ऑक्सिजन वाचवतो. उंची वाढेल तसं हवेचं प्रमाण आपोआप कमी होतं, 30,000 फुटांच्या आसपास जवळपास शुद्ध ऑक्सिजन मिळतो. इमर्जन्सी उघडली की हे सगळं बाजूला राहतं आणि नळ सोडल्यासारखा ऑक्सिजन वाहत राहतो, तुम्ही श्वास घ्या न घ्या. चारशे पीएसआय दाबानं भरलेली टाकी मी चढता चढताच सांडून टाकत होतो. 2016 साली ज्या गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावचा माणूस मी. घरात कुणी नळ उघडा ठेवला तर अंगावर जातो.

25,000 फुटांवर ऑक्सिजनशिवाय माणूस कामापुरता शुद्धीवर राहतो तो तीन ते पाच मिनिटं. मस्टँगची कॉकपिट काही प्रेशराइज्ड नाही, त्यामुळे बाहेर तेच आत. सिम्युलेटरनं हे अगदी बरोबर पकडलंय, हे चिडूनही कबूल करावं लागतं. फक्त एक गोष्ट कमी वाटते. खऱ्या माणसाला अशा वेळी त्रास होतोय असं वाटतच नाही, उलट मजेत असतो. माझा वैमानिक बिचारा काळोख तरी बघत होता. (त्या दिवसांत मी कपाटातला जुना ऑक्सिमीटर बोटाला लावूनही खेळलो. 98. हसू नका.)

आता एक, जे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. रेग्युलेटरवर ऑटो-मिक्स असं लिहिलेलं असतं. त्याचं "ऑफ" म्हणजे ऑक्सिजन बंद नाही, ऑफ म्हणजे हवेची मिसळ बंद, शंभर टक्के ऑक्सिजन. कॉकपिटमध्ये धूर आला की पहिलं हेच करायचं, नाहीतर मास्कमधूनही धूरच ओढाल. शेजारी एक पापणीसारखा दर्शक असतो, तो प्रत्येक श्वासाला उघडमीट करतो. तो थांबला की खाली उतरा, 10,000 फुटांच्या आत.

मामा तो सगळा रेग्युलेटर बघून हरखले आणि निघताना ताकीद देऊन गेले, "ऑक्सिजनच्या नळीला तेलाचा हात लावू नको." तेल लागलं की आग, म्हणून. गेममध्ये नळीला हात लागत नाही, हे त्यांना पटेना.

आगीचं मात्र सिम्युलेटरवाल्यांनी उरकून टाकलंय. निदान माझ्या सिम्युलेटरमध्ये आग म्हणजे बाहेर ज्वाळा, आत लाल स्क्रीन, दोन सेकंद, संपलं. त्याच युद्धातल्या ब्रिटिश हरिकेन विमानात पेट्रोलची एक टाकी वैमानिकाच्या समोरच, पॅनेलच्या पुढे होती. त्या आगीत भाजलेल्यांवर इंग्लंडात ईस्ट ग्रिनस्टेडला आर्चिबाल्ड मॅकइंडो यांनी शस्त्रक्रिया केल्या, आणि त्या रुग्णांनी 1941 मध्ये गिनी पिग क्लब काढला. हे माहीत झाल्यापासून ते लाल स्क्रीन बघवत नाही. इंजिनला आग लागली तर मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण) कट-ऑफ, इंधनाचा व्हॉल्व्ह बंद, आणि उडी मारायच्या क्षणापर्यंत कॅनॉपी, म्हणजे डोक्यावरचं काचेचं झाकण, बंदच. घाबरून आधी उघडली की ज्वाळा आत ओढल्या जातात. मी तीनदा उघडली आहे.

हल्ली तेजस या आपल्या लढाऊ विमानासाठी डेबेल या डीआरडीओच्या बेंगळुरूमधल्या प्रयोगशाळेनं विमानातच ऑक्सिजन तयार करणारी यंत्रणा केली आहे. त्यात टाकी संपायचा प्रश्नच नाही, इंजिनकडून येणाऱ्या हवेतला नायट्रोजन गाळून टाकायचा. कोरोनात डीआरडीओनं दवाखान्यांसाठी जे ऑक्सिजन प्लांट केले, ते याच तंत्रावरून. मामांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग काटा कशाला बघतील ते?"

लाल खटका बंद ठेवून नवव्या रात्री गेलो. काटा पूर्ण वेळ साडेतीनशेच्या वर, बाँबर सुखरूप परत. फक्त मॉनिटरच्या स्टँडचा एक स्क्रू त्या दुकानातच राहिलाय. तो आणायला मी काही जाणार नाही. मॉनिटर डावीकडे कलतो, त्यामुळे विमान सरळ चाललं असलं तरी मला ते वळतंय असंच वाटतं.