तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिन अडखळतं, मोटर बदलू की डिकोडर बसवू?

घरच्या टेबलावर मॉडेल रेल्वेची दुरुस्ती करतो असं कळलं की हा प्रश्न हमखास येतो. "इंजिन हळू सोडलं की अडखळतं, बोटाने जरा ढकललं की पुन्हा चालतं. मोटर गेली असेल ना? नवी मोटर घालू, की एकदाचा डिकोडरच बसवून टाकू?"

माझं उत्तर असतं: अजून दोन्हीही नको. अडखळणाऱ्या इंजिनात मोटर ही संशयितांच्या यादीत शेवटची असते. आणि डिकोडर, म्हणजे रुळांतून येणाऱ्या डिजिटल आज्ञा वाचून मोटर चालवणारं इंजिनातलं छोटं सर्किट, हा अडखळण्यावर इलाज तर नाहीच, आहे तो दोष तो आणखी उघडा पाडतो.

आधी हे हळू चालतानाच का होतं ते पाहू. मोटरपर्यंत वीज पोचते ती रूळ, चाक, चाकाला घासणारी फॉस्फर ब्राँझची पत्ती, तार आणि ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला घासणारे कार्बनचे तुकडे) अशा वाटेने. या वाटेवरचा जवळजवळ प्रत्येक सांधा नुसता टेकलेला असतो, घट्ट जोडलेला नसतो. साध्या डीसीवर, म्हणजे रुळांवरचा व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरतो त्या पद्धतीत, पूर्ण वेगाला १२ व्होल्ट असतात. तेवढ्या दाबाने वीज मळाच्या पातळ थरातूनही वाट काढते, शिवाय मोटरच्या दांड्यावरचं जड चाक, फ्लायव्हील, गाडीला पुढे रेटत असतं. रांगत्या वेगाला मात्र दोन-तीन व्होल्टच असतात. तिथे तोच थर भिंतीसारखा आडवा येतो. हा थर म्हणजे नुसती धूळ नव्हे. चाक आणि रूळ यांच्यात सतत बारीक ठिणग्या उडतात, त्यातून काळा, चिकट थर जमतो.

म्हणून पहिली तपासणी इंजिन न उघडताच करायची. गाडी नेहमी त्याच जागी अडखळते का? दुसरं, चांगलं चालणारं इंजिनही तिथेच अडखळतं का? तसं असेल तर दोष रुळाचा आहे. तिथला रूळजोड सैल झालेला असतो, नाहीतर सांध्याच्या नावाखाली नुसता गंजाचा डाग उरलेला असतो. रूळजोडांवर विजेसाठी विसंबणं मला मुळीच पटत नाही. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःची तार सोल्डर करून घ्या. सोल्डर करताना दोन्ही बाजूंच्या स्लीपरांवर ओला कागद ठेवा आणि टोक तीन सेकंदांत उचला, म्हणजे प्लास्टिक वितळत नाही.

गाडी कुठेही अडखळत असेल तर दोष इंजिनात. आता मोटरपासून रुळाकडे असं उलटं यायचं. वरची बॉडी काढा आणि मोटरच्या दोन टोकांना थेट, मगरचिमट्यांनी, हळूहळू वाढवत व्होल्टेज द्या. मोटर सावकाश सुरू होऊन एकसारखी गुणगुणत राहिली तर ती ठणठणीत आहे, तिला सोडून द्या. मग तीच वीज पत्त्यांना देऊन पाहा, मग चाकांना, मग रुळांना. ज्या टप्प्यावर अडखळणं सुरू होतं, दोष त्याच्या एक पायरी आधीच्या सांध्यात असतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण लोक हे टाळतात आणि नवी मोटर मागवतात.

बहुतेक वेळा बोट चाकांवर आणि पत्त्यांवर येतं. चाकं साफ करायला कागदी रुमालावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थोडे थेंब टाका आणि तो रुळांवर आडवा पसरा. इंजिनाची एक बोगी (म्हणजे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा एक संच) ओल्या कागदावर, दुसरी उघड्या रुळावर. इंजिन हाताने धरून वेग वाढवला की एका बोगीतून वीज येते आणि दुसरीची चाकं कागदावर घासत फिरतात. कागदावर काळे पट्टे उमटतील. पट्टे उमटणं थांबेपर्यंत कागद सरकवत राहा, मग बोग्यांची अदलाबदल करा. काही चाकांना पकडीसाठी रबरी कडं असतं; त्याला अल्कोहोलमध्ये भिजत ठेवू नका, ते फुगतं आणि सैल होतं. तशी चाकं वीज घेत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. चार चाकांच्या छोट्या इंजिनात दोन चाकांना रबर असेल तर वीज फक्त उरलेल्या दोन चाकांतून येते, आणि असं इंजिन स्वच्छ रुळावरही नाजूकच राहतं.

सँडपेपर मात्र चाकाला किंवा रुळाला लावू नका. तो क्षणात चकचकीत करतो, पण मागे बारीक चरे ठेवतो आणि पुढचा मळ त्याच चऱ्यांत घट्ट बसतो.

पत्ती चाकाच्या पाठीला हलकेच टेकलेली हवी. चाक डावी-उजवीकडे सरकवून पाहा. एका टोकाला पत्ती सुटत असेल तर चिमट्याने केसभर वाकवा. जास्त वाकवलीत तर तीच ब्रेकसारखी चाकाला धरून ठेवते आणि इंजिन जड चालायला लागतं.

आता तेलाबद्दल. दुरुस्तीला आलेल्या इंजिनांत तेल कमी पडून बिघडलेली थोडी आणि तेलात बुडून बिघडलेली बरीच. मोटरच्या दांड्याच्या दोन्ही बेअरिंगना सुईच्या टोकावर मावेल एवढा एकेक थेंब पुरतो. गिअरना प्लास्टिकला न खाणारं पातळ ग्रीस, तेही दातांवर जेमतेम दिसेल एवढंच. डब्ल्यूडी-४० सारखा फवारा यातल्या कशासाठीच नको. कम्यूटेटरवर (ब्रश घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल भागावर) तेल गेलं की ब्रशांची कार्बनची भुकटी त्यात मिसळून वीजवाहक चिखल होतो, तो पट्ट्यांमधल्या फटी भरतो, आणि मोटर गरम होऊनही ताकद देत नाही. जुनं ग्रीस पिवळं पडून मेणासारखं कडक झालं असेल तर त्यावर नवं घालून काही होत नाही. सगळे गिअर काढा, अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने धुवा, वाळवा, मग नवं लावा.

उघडण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या, स्क्रू त्याच क्रमाने उथळ पांढऱ्या डबीत ठेवा. ब्रशांच्या स्प्रिंगा काढताना हात आणि इंजिन दोन्ही पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घाला. उडालेली स्प्रिंग पिशवीतच सापडते. जपानी मॉडेलच्या स्क्रूला साधा फिलिप्स पेचकस बसल्यासारखा वाटतो, पण निसटतो आणि खाच खातो. तिथे जेआयएस (जपानी मानक) टोकाचा पेचकस घ्या.

अडखळण्यात लय असेल तर गोष्ट विजेची नाही, यंत्राची आहे. आवाज कान देऊन ऐका आणि पट्टी घेऊन बसा. एचओ या मापाच्या मॉडेलचं प्रमाण १:८७. त्यात सुमारे ११.७ मिमी व्यासाचं डिझेल इंजिनाचं चाक एका फेरीत ३७ मिमीच्या आसपास पुढे जातं. टक्क असा हिसका दर ३७ मिमीला येत असेल तर आसावरचा गिअर तडकलेला आहे. प्लास्टिक वर्षांनुवर्षं आकसत जातं, आतला धातूचा आस आकसत नाही, मग गिअर दोन दातांच्या मधोमध चिरतो. तिथे दातांमधलं अंतर वाढतं आणि समोरचा गिअर त्यावर चढून उतरतो. ही चीर भिंगाखालीच दिसते. ती चिकटवायच्या फंदात पडू नका. हे गिअर नायलॉनचे किंवा अ‍ॅसिटलचे असतात, त्यांना कोणताही गोंद टिकाऊ धरत नाही. नवा गिअरच बसवायचा. चाकं परत ठोकताना दोन्ही चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर एचओला १४.४ मिमीच्या जवळ ठेवा आणि एनएमआरएच्या (मॉडेल रेल्वेची मापं ठरवणारी अमेरिकेतली संघटना) गेजवर तपासा. हे चुकलं तर दुरुस्त झालेलं इंजिन प्रत्येक सांधेबदलावर घसरतं, आणि दोष बिचाऱ्या रुळाच्या माथी जातो.

हिसके त्याहून बरेच भराभर येत असतील तर वर्म (मोटरकडच्या दांड्यावरचा स्क्रूसारखा गिअर) किंवा मोटरकडचा दांडा पाहा. वर्म आणि गिअर फार घट्ट मिळाले असतील तर दोघांमध्ये पातळ कागदाची पट्टी ठेवा, स्क्रू आवळा, मग पट्टी ओढून काढा. तेवढी फट बरोबर असते.

वाफेच्या इंजिनाची आणखी एक खोड असते. दोन बाजूंच्या चाकांचे क्रँक (दांडे जोडायच्या खुंट्या) एकमेकांशी ९० अंशांत असावे लागतात आणि सगळ्या आसांवर हा कोन सारखाच हवा. एक चाक आसावर किंचित फिरलं की दांडे दर फेरीत अडकतात. मोटर वेगळी करून सांगाडा नुसता उतारावर सोडा. तो स्वतःच्या वजनाने घरंगळत गेला पाहिजे. थांबला तर कुठे थांबला ते पाहा. मोटरच्या जोराने ही अडचण दाबून टाकता येते, आणि म्हणूनच ती इतकी वर्षं लपून राहते.

एवढं सगळं झाल्यावर मोटरकडे वळा. ब्रश झिजून आखूड झाले असतील किंवा स्प्रिंग तापून ढिली झाली असेल तर बदला. कम्यूटेटर अल्कोहोलने पुसा, फटी लाकडी टूथपिकने कोरा. लोखंडी सुई नको. तीन पट्ट्यांच्या मोटरमध्ये मल्टिमीटरने प्रत्येक जोडीमधला रोध मोजा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. एक बराच कमी आला तर वेटोळं आतून जळून आपसात चिकटलंय. एक इतरांपेक्षा बराच जास्त आला किंवा आकडाच आला नाही, तर तार तुटली आहे. जुन्या उघड्या मोटरमधला चुंबक अल्निकोचा असेल तर मधला फिरता भाग (आर्मेचर) बाहेर काढण्याआधी चुंबकाच्या दोन टोकांवर मऊ लोखंडाचा तुकडा टेकवून ठेवा. तसं न केल्यास चुंबक ताकद गमावतो. मग मोटर जास्त करंट खाते, रिकामी असताना उलट जोरात फिरते, आणि डबे जोडले की गुडघे टेकते. फेराइटच्या चुंबकाला ही भीती नसते.

जुन्या ओतीव सांगाड्याला आडव्या-उभ्या भेगा पडून तो फुगला असेल, तर तो जस्ताच्या मिश्रधातूत शिरलेल्या शिशासारख्या भेसळीचा रोग आहे. त्यावर उपाय नाही. मोटर आणि चाकं काढून जपून ठेवा, दुसरा सांगाडा शोधा.

आता डिकोडर. डीसीसीत, म्हणजे रुळांतून डिकोडरला आज्ञा पाठवणाऱ्या डिजिटल पद्धतीत, रुळांवर कायम १४ ते १६ व्होल्टची वीज असते आणि डिकोडर म्हणजे एक छोटा संगणक. चाकाखाली मळ आला, क्षणभर वीज गेली, की तो बंद पडून पुन्हा सुरू होतो. डीसीवर जिथे नुसता झटका होता तिथे आता दिवे विझून इंजिन थबकतं. थोडी वीज साठवून ठेवणारा स्टे-अलाइव्ह कपॅसिटर असा क्षण भरून काढतो हे खरं, पण मी तो स्वच्छ आणि मोकळ्या चालणाऱ्या इंजिनातच घालतो.

बसवण्याआधी दोन मोजमापं करावीच लागतात. पहिलं, अडवलेल्या मोटरचा करंट. मीटर १० अँपिअरवर ठेवून ओळीत जोडा, १२ व्होल्ट द्या, फ्लायव्हील बोटाने एक-दोन सेकंद धरा. आकडा डिकोडरच्या क्षमतेखाली हवा. एचओचे बरेच डिकोडर सतत १ अँपिअर सोसतात. नव्या बंद मोटरी यात सहज बसतात, जुन्या उघड्या मोटरी अनेकदा बसत नाहीत. दुसरं, आणि जास्त महत्त्वाचं: मोटरचं कोणतंही टोक सांगाड्याला किंवा चाकाला लागलेलं नसावं. जुन्या इंजिनांत खालचा ब्रश थेट सांगाड्यावर टेकलेला असतो, कारण वीज त्यातूनच यायची. तो कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणारी, वीज अडवणारी टेप) वेगळा करा, मग प्रत्येक मोटरटोक आणि प्रत्येक बाजूचं चाक यांमध्ये मीटर लावा. मीटर कुठेही वाजता कामा नये. वाजलं, आणि तरीही वीज दिलीत, तर डिकोडर पहिल्याच क्षणी जळतो.

तारांचे रंग ठरलेले आहेत. लाल उजव्या रुळाला, काळी डाव्या. नारिंगी मोटरच्या त्या टोकाला जे आधी उजव्या रुळाशी जोडलेलं होतं, करडी दुसऱ्या टोकाला. पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी सगळ्या दिव्यांची सामाईक धन बाजू. एलईडीचं धन टोक निळ्याला, ऋण टोक १ किलोओहमच्या रोधकातून पांढरीला. सुमारे १० मिलिअँपिअर वाहतात आणि तेवढा उजेड भरपूर होतो. जुना १.५ व्होल्टचा बल्ब रोधकाशिवाय जोडलात तर लगेच फुटेल. मोटरच्या टोकांवर डीसीच्या काळातला छोटा कपॅसिटर असेल तर काढून टाका, तो डिकोडरच्या वेगनियंत्रणात लुडबुड करतो. आठ पिनांचं सॉकेट असेल आणि प्लग उलटा बसला, तर बहुधा इंजिन चालतं पण दिवे लागत नाहीत. प्लग फिरवून बसवा.

सोल्डर ०.५ ते ०.८ मिमीचा, रोझिनचा. अ‍ॅसिड फ्लक्स कधीच नाही, ते बारीक तारा खातं. प्रत्येक सांध्यावर हीट-श्रिंक नळी घाला. डिकोडरला मात्र टेपच्या घड्यांत गुंडाळू नका, त्याला उष्णता सोडायला हवा लागते.

पहिली वीज प्रोग्रामिंग रुळावरच द्या, तिथे करंट मर्यादित असल्याने चूक झाली तरी डिकोडर वाचतो. नवा डिकोडर पत्ता ३ ला उत्तर देतो. पत्ता वाचता आला तर वायरिंग बहुधा बरोबर आहे. मग सीव्ही, म्हणजे डिकोडरमधल्या क्रमांक दिलेल्या सेटिंगा, लावायच्या: सीव्ही २ ने सुरुवातीचा व्होल्टेज असा लावा की पहिल्याच पायरीला चाक जेमतेम फिरेल, सीव्ही ३ आणि ४ ने वेग चढण्या-उतरण्याचा काळ. सीव्ही २९ बऱ्याच डिकोडरांत ६ असतो. २ केला की साध्या डीसीवर चालण्याची सोय बंद होते आणि रुळावरच्या एखाद्या गडबडीने इंजिन आपोआप सुसाट सुटणं थांबतं. सगळं विस्कटलं तर अनेक डिकोडरांत सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की मूळ स्थिती परत येते.

बॉडी परत घालताना एक हात तारांवर ठेवा. टेबलावर छान चालणारं इंजिन बॉडी बसवताच बंद पडलं, तर एखादी तार फ्लायव्हील आणि छपराच्या मध्ये चेपलेली असते. ती काढा, छपराच्या आतल्या बाजूला छोट्या टेपने चिकटवा, आणि मगच स्क्रू आवळा.