आमची वाटचाल : दोन तारांवर चालणारं वर्कशॉप

बाबांचं गाड्यांच्या वायरिंगचं सगळं वर्कशॉप एका खोक्यात मावायचं. टेस्ट लॅम्प (एक टोक गाडीच्या बॉडीला लावून तारेत करंट आहे का ते दाखवणारा बल्ब), पक्कड, काळी टेप, सोल्डरिंगचं सामान. हॉर्न वाजत नाही म्हटलं की फ्यूज, रिले, बटण, अर्थ (म्हणजे बॉडीची जोडणी) या क्रमानं त्यांचा हात फिरायचा. लॅम्प जिथे पेटायचा बंद झाला, त्याच्या अलीकडे दोष. एका कामाला एक तार, असा सरळ हिशेब. मी आणि धाकटा भाऊ याच हिशेबावर घडलो.

हा हिशेब एका दिवसात मोडला. तक्रार साधी होती, दाराची काच खाली जात नव्हती. बटण उघडलं तर मोटरकडे जाणारी जाड तार नाहीच, नुसत्या बारीक तारा. माग काढत बाबा डॅशबोर्डखाली पोचले. तिथे एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा दिसल्या. त्यातल्या एकीला त्यांनी लॅम्प लावला. लॅम्प पेटलाच नाही, पण मीटरचे काटे खाली पडले, डॅशवरचे सगळे इशारे लागले आणि हेडलाइट आपोआप चालू झाले. लॅम्प काढला, पुन्हा चावी फिरवली, सगळं जागेवर. बाबा म्हणाले, "तारेत करंट नाही, मग गाडी एवढी कशाला घाबरली?"

या प्रश्नाचं उत्तर कळायला आम्हाला बरेच महिने लागले. कुणीतरी सांगितलं की ती 'कॅन' लाइन आहे, गाडीतले छोटे संगणक तिच्यावरून एकमेकांशी बोलतात, तेव्हा आमच्याकडे कॅन म्हटलं की तेलाचाच आठवायचा. वस्तू मात्र जुनी निघाली. बॉश या जर्मन कंपनीनं १९८३ मध्ये त्यावर काम सुरू केलं, १९८६ मध्ये डेट्रॉइटला ती जगासमोर मांडली, पुढच्या वर्षी चिप आल्या आणि नव्वदीच्या सुरुवातीला मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत ती बसलीही. आमच्यापर्यंत पोचेपर्यंत ती जुनी झाली होती, हे मनाला लागलं.

त्या दोन तारांवर दिवे किंवा मोटर चालवायचा करंट नसतो, निरोप असतात. शांत असताना दोन्हींवर साधारण २.५ व्होल्ट. निरोप निघाला की एक ३.५ कडे चढते, दुसरी १.५ कडे उतरते आणि ऐकणारा दोघींमधला फरक वाचतो. बाहेरून कसलाही विद्युत गोंधळ आला तर पीळ असल्यामुळे तो दोन्ही तारांवर सारखाच बसतो, फरक तसाच राहतो. लॅम्पच्या थंड बल्बचा रोध जेमतेम काही ओहम असतो. त्यामुळे बाबांनी ती तार जवळजवळ अर्थ केली आणि गाडीतलं सगळं बोलणं बंद पडलं. बोलणं तुटलं तर दिवे चालू ठेवायचे, अंधारात गाडी नेण्यापेक्षा ते बरं, असं अनेक गाड्यांत आधीच ठरवून ठेवलेलं असतं. गाडी घाबरली नव्हती, शहाणपणानं वागली होती.

मला यातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते ती बोलण्याची शिस्त. दोन ईसीयू, म्हणजे गाडीतले ते छोटे संगणक, एकाच क्षणी बोलायला लागले तर काय? प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला एक क्रमांक असतो. तारेवर शून्य हा एकावर मात करतो. म्हणून ज्याचा क्रमांक लहान तो बोलत राहतो, दुसऱ्याला आपण पाठवलेला एक तारेवर शून्य दिसतो आणि तो गप्प होऊन ऐकू लागतो. टक्कर होत नाही, वेळ वाया जात नाही, थोरल्याचा निरोप मधेच तुटत नाही. कोणता निरोप थोरला हे गाडी बनवणारा ठरवतो, पण तातडीच्या निरोपांना लहान क्रमांक मिळतात हे ओघानंच आलं. चाकाचा वेग एबीएसनं, म्हणजे ब्रेकच्या ईसीयूनं, एकदा सांगितला की मीटर, पॉवर स्टिअरिंग, दाराचं लॉक सगळे तोच ऐकतात. प्रत्येकासाठी वेगळी तार ओढायची गरजच उरत नाही.

हे समजलं म्हणून लगेच काम जमू लागलं असं मात्र नाही. एका गाडीत मीटर मधेच मरायचं, स्टिअरिंग जड व्हायचं, गिअर अडकायचा. गाडीतले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर U नं सुरू होणाऱ्या, म्हणजे बोलणं तुटल्याच्या कोडची रांग. आम्ही मीटर बदललं. आठवड्यात गाडी परत आली. मग एक मॉड्यूल (म्हणजे ईसीयू) बदललं, तेही स्वतःच्या खिशातून. तिसऱ्यांदा भावानं बॅटरी काढून, थोडं थांबून, स्कॅनर जोडायच्या डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजले. यायला हवे होते ६०, कारण लाइनच्या दोन टोकांना १२० चा एकेक रोध असतो. आले १२०. म्हणजे एक टोक लाइनपासून सुटलं होतं. कार्पेट उचललं तर खाली पाणी, आणि जोडाच्या कनेक्टरमध्ये तांब्यावर हिरवा थर. जोड साफ करून नवा केला, गाडी परत आली नाही. बदललेले दोन्ही भाग विनाकारण गेले होते. ग्राहकाला सगळं सांगितलं, त्याचं त्याला बरंच आश्चर्य वाटलं.

उलट प्रकार नंतर भेटला, ४० ओहम. बाहेरून लावलेल्या एका ट्रॅकरमध्ये स्वतःचा १२० चा रोध होता. तीन १२० समांतर लागले की ४०, हे शाळेतलं गणित शाळा सुटल्यावर इतक्या वर्षांनी कामाला आलं.

आज कामावर नवीन मुलगा आला की त्याला आधी प्रश्न विचारायला शिकवतो. तार कुठे तुटली हे नंतर, आधी बोलत कोण नाही ते शोध. दहा ईसीयू 'अमका ऐकू येत नाही' म्हणत असतील तर त्या अमक्याचा पॉवर आणि अर्थ आधी बघ. कॅनची तार जोडताना पीळ लांबवर सोडू नकोस, दोन जोड शेजारी-शेजारी घेऊ नकोस. आणि ६० ओहम आले म्हणजे सगळं ठीक असं समजू नकोस. अनेक नव्या गाड्यांत त्या सॉकेटमागे गेटवे, म्हणजे एका लाइनचे निरोप दुसरीकडे सोडणारा ईसीयू, असतो, त्याच्या पलीकडच्या लाइन तिथून दिसतच नाहीत. दाराच्या आरशासारख्या किरकोळ कामांना लिन नावाची वेगळी लाइन असते, एकच तार आणि वेग फार तर २० किलोबिट. तिथे हे दोन तारांचं माप चालत नाही.

बाबा अजून रोज येतात. स्कॅनरला हात लावत नाहीत. पण गाडी आली की पहिल्यांदा बॅटरीचा व्होल्टेज आणि बॉडीच्या अर्थवर किती व्होल्ट गळतात (ड्रॉप) ते तेच मोजतात. बॅटरी खाली गेली की सगळेच ईसीयू एकमेकांच्या नावानं ओरडतात, आणि कितीतरी वेळा स्कॅनर उघडायच्या आत काम तिथेच संपतं. हे मी आधी मान्य करत नव्हतो.

सध्या आमची अडचण वेगळी आहे. कॅनच्या एका निरोपात ८ बाइट मावतात. कॅनच्या नव्या रूपात, कॅन एफडीत, ६४ झाले, तिथवर आम्ही पोचलो. पण कॅमेरे असलेल्या गाड्यांत आता एका जोडीवर चालणारं इथरनेट येतंय. त्यात दोन्ही बाजू एकाच जोडीवर एकाच वेळी बोलतात. आमच्या स्कोपवर, म्हणजे तारेवरचे सिग्नल दाखवणाऱ्या पडद्यावर, त्याची नुसती गिचमिड दिसते, कोण काय म्हणालं ते कळत नाही. शिवाय काही नव्या गाड्यांत मॉड्यूल बदललं तर ते ओळखून घ्यायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते आमच्यासारख्यांच्या हाती सहज लागत नाही. त्यामुळे त्या लाइनचं काम आलं तर पॉवर, अर्थ आणि कनेक्टर एवढं तपासून देतो आणि पुढचं अजून आम्हाला येत नाही असं सांगतो. भाऊ रात्री त्याचाच अभ्यास करतो. मागच्या आठवड्यात त्यानं एक जुना कॅमेरा टेबलावर जोडलाय, अजून चित्र आलेलं नाही.