मॉप धुण्याची लॉन्ड्री काढली, त्याचा माझा अनुभव

हाउसकीपिंग सुपरवायझर म्हणून 9 वर्षं काढली, आणि रोज संध्याकाळी तेच बघायचे, मावशी टॉयलेटशेजारच्या मोरीत मॉप पिळतायत, ओलाच कोपऱ्यात उभा करतायत आणि सकाळी तोच कुबट वासाचा मॉप लॉबीत फिरतोय. त्यांचा काय दोष, दुसरी सोयच नव्हती. तेव्हाच डोक्यात बसलं की फक्त मॉप आणि डस्टर धुवून द्यायचं काम करायचं.

पुण्याजवळ भोसरीत गाळा भाड्याने घेतला. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आधारवर फुकटात झाली, लोन पीएमईजीपीतून, ही नवा उद्योग काढणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची सबसिडीची योजना, सर्व्हिसला 20 लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट बसायचा त्यात.

खरी परीक्षा मशीन आल्यावर. बोअरचं पाणी इतकं जड की फेसच धरेना, शेवटी पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर प्लांट बसवला, त्याला मीठ घालत राहावं लागतं, तो खर्च मी धरलाच नव्हता. मग पहिली मोठी ऑर्डर, एका आयटी कंपनीची, आणि मी हौसेने छान वास यावा म्हणून कपड्यांचं कंडिशनर घातलं. चौथ्या दिवशी फोन, ताई फडकी पाणीच ओढत नाहीत, काचेवर नुसते ओघळ राहतायत. ती फडकी मायक्रोफायबरची, म्हणजे कृत्रिम धाग्यांची, आणि हे धागे केसापेक्षा कितीतरी बारीक, पाणी आणि धूळ धरतात ते त्यांच्यामधल्या फटींत, त्या फटीच मी कंडिशनरने लिंपून टाकल्या होत्या. सगळा माल परत आणून गरम पाण्यात दोनदा धुतला, पैसे घेतले नाहीत. त्याच आठवड्यात सुती डस्टर सोबत टाकले तर त्यांचा सगळा कापूस मायक्रोफायबरला चिकटला, आम्ही हाताने वेचत बसलो रात्री 11 पर्यंत.

आता सुती वेगळं, टॉयलेटचे लाल मॉप वेगळे, क्लोरीनचं ब्लीच मायक्रोफायबरला अजिबात नाही, ड्रायर कमी तापमानावर. मोजणीवरून भांडणं व्हायची म्हणून प्रत्येक क्लायंटच्या मालाला आम्ही वेगळ्या रंगाचा दोरा शिवतो.

एका वर्कशॉपने ऑइल पुसलेली फडकी धुवायला दिली होती, पैसे चांगले होते पण नाही घेतली. ड्रायरमध्ये पेट घेऊ शकतात, शिवाय अशी फडकी 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत यादीतच आहेत, ते पाणी मी गटारात सोडणार नाही.

पॅकिंगआधी प्रत्येक लोडमधलं एक फडकं मी स्वतः कोरड्या बोटांवरून ओढून बघते. कातडीला अडकलं तर ठीक, गुळगुळीत सरकलं तर अख्खा लोड परत मशीनमध्ये.