तात्यांची नागीण, नातवाच्या कांजिण्या

सोमवार म्हणजे आमच्याकडे बाजारचा दिवस, त्यामुळे ओपीडीत सकाळपासून जत्रा. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं बाजारही करतात आणि जाता जाता दवाखानाही उरकतात, एकाला आत बोलावलं की "मॅडम तेवढं माझं बीपी बघा" म्हणत मागून अजून दोघं आत शिरतात. मार्चचे दिवस, ऊन चांगलंच तापायला लागलेलं, आणि ह्या दिवसांत कांजिण्यांचे पेशंट असतातच. त्यामुळे सात महिन्यांची गरोदर बाई सहा वर्षांच्या पोराला टॉवेलात गुंडाळून आत घेऊन आली तेव्हा टॉवेल काढायच्या आधीच मला अंदाज आला होता.

अंदाज बरोबर निघाला. छातीपोटावर पुरळ, त्यात काही नुसते लाल ठिपके, काही पाण्याने टम्म भरलेले फोड, काहींवर खपली धरायला लागलेली, म्हणजे सगळ्या अवस्था एकाच वेळी. डोक्यात केसांमध्ये दोन-तीन, तोंडात टाळूला एक. हातापायांवर मानाने कमी. ताप आदल्या दिवशीपासून. कांजिण्याच, शंकाच नाही.

सवयीने विचारलं, शाळेत कुणाला झाल्यात का? नाही म्हणाली, तिने बाईंना फोन लावून विचारलं होतं, वर्गात कुणालाच नाही. वस्ती शेतात, शेजार असा नाहीच. लग्नकार्याला कुठे गेला होता? नाही. घरात कुणाच्या अंगावर काही उठलं होतं का?

"नाही ओ. मामांना तेवढी नागीण झाली होती. पण ते वेगळं असतं ना?"

कधी झाली होती विचारलं तर शिवरात्रीच्या आदल्या दिवशी फोड उठले म्हणे. मी टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघितलं. अडीच आठवडे. कांजिण्यांचा व्हायरस अंगात शिरल्यापासून पुरळ दिसेपर्यंत 10 ते 21 दिवस जातात, त्यात हे बरोब्बर बसत होतं.

मामा म्हणजे तिचे सासरे, सगळे त्यांना तात्या म्हणतात, बाहेर बाकड्यावर बाजाराची पिशवी सांभाळत बसलेले. त्यांना आत बोलावलं आणि सदरा काढायला लावला. डाव्या बाजूला पाठीच्या कण्यापासून निघून काखेखालून छातीच्या मध्यापर्यंत आलेला पट्टा, आता सगळ्या खपल्या, आणि त्यावर गेरूचा लाल थर अजून तसाच. मधल्या हाडापाशी येऊन पट्टा एकदम थांबलेला, उजवीकडे एक फोड नाही.

तात्यांनी सांगितलं ते असं. आधी चारेक दिवस डावी छाती जळजळत होती, सदरा लागला तरी आग व्हायची. हार्टचं असेल म्हणून मुलगा घाईने एका दवाखान्यात घेऊन गेला, तिथे ईसीजी काढला, नॉर्मल आला, ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं. (ईसीजी काढला ते बरोबरच केलं, ह्या वयात आणि शुगर असताना डावी छाती दुखते म्हणल्यावर मीही तेच केलं असतं.) मग फोड उठले आणि सगळ्या वस्तीने एका आवाजात सांगितलं की ही नागीण, हिला डॉक्टरचं औषध चालत नाही. मग नागीण उतरवणारा बाबा, दोन्ही टोकांना गेरूच्या रेघा, आणि घरी रोज दुर्वा-तांदूळ वाटून लेप.

"लेप कोण लावायचं?"

"ह्योच की," नातवाकडे बोट दाखवून तात्या म्हणाले, "ह्येचा हात मऊ लागतोय."

म्हणजे सहा वर्षांचं पोर ओल्या फोडांवर आपल्या बोटांनी रोज संध्याकाळी लेप लावत होतं आणि रात्री त्याच वाकळेत आजोबांना चिकटून झोपत होतं. ह्यापेक्षा चांगली सोय व्हायरसला कुणी करून दिली नसती.

आता खरी गंमत. तात्यांना नागीण बाहेरून कुणाकडून आली नव्हती. कांजिण्या आणि नागीण दोन्ही एकाच व्हायरसचे उद्योग, व्हॅरिसेला-झोस्टर त्याचं नाव. लहानपणी तो नाकातोंडातून शिरतो, घशाजवळच्या टॉन्सिल्समध्ये वाढतो, तिथे आपल्याच रक्तातल्या टी-पेशींमध्ये घुसतो, म्हणजे ज्या पेशींनी त्याला पकडायचं त्यांच्याच पाठीवर बसून हा अंगभर फिरतो. कातडीपर्यंत पोचला तरी तिथल्या पेशी त्याला बरेच दिवस थोपवून धरतात, म्हणून एवढा वेळ बाहेर काहीच दिसत नाही, आणि मग एकदा फोड उठायला लागले की टप्प्याटप्प्याने येत राहतात. पुरळ सुकते, पोरगं शाळेत जायला लागतं, सगळे विसरतात. पण तोवर व्हायरस संवेदना नेणाऱ्या नसांमधून वर चढून कण्याच्या बाजूला पेशींचे जे पुंजके असतात त्यात जाऊन बसलेला असतो. तिथे तो वाढत नाही, पेशीला मारत नाही, नुसता त्याचा डीएनए पडून राहतो, आयुष्यभर. तात्यांना मी त्यांच्या भाषेत सांगितलं की सातबाऱ्यावर नाव आहे पण कसायला येत नाही असा भाऊबंद समजा, आणि तुमचं वय झालं, वर शुगर, राखण ढिली पडली तसा तो एके दिवशी नांगर घेऊन हजर झाला. हे त्यांना लगेच पटलं, बांधाची केस चालू आहे त्यांची.

राखण म्हणजे परत त्या टी-पेशीच. वयाप्रमाणे त्यांचा ह्या व्हायरसवरचा धाक कमी होतो, मग एखाद्या पुंजक्यातला व्हायरस जागा होऊन त्याच नसेतून खाली कातडीकडे उतरतो. नस आधी सुजते म्हणून दुखणं आधी आणि फोड नंतर. एका बाजूची नस शरीराच्या त्याच बाजूला कातडी सांभाळते, मध्यरेषेपाशी तिची हद्द संपते, म्हणून पट्टा तिथे थांबतो. दोन्ही टोकं जुळली की माणूस जातो ही जी भीती आहे ती ह्यामुळे खरी व्हायची वेळच सहसा येत नाही, आणि नागीण उतरवणाऱ्यांचा धंदाही ह्याच्यावरच चालतो, कारण रेघ कुठेही मारा, नागीण मध्यावर थांबणारच.

"तात्या, लहानपणी कांजिण्या झालेल्या आठवतात?"

आठवत होत्या, आणि कशा! "भात्तरच्या दुष्काळात. आई-बा खडी फोडाय जायचं, मी घरात पडून. लोकं म्हनली देवी आल्या, गावात गडबड उडाली. मग जीपमधनं देवीचा डॉक्टर आला, त्यानं माझं तळहात बघितलं, तळपाय बघितलं, आन म्हनला ह्या कांजन्या हैत, भ्या नगा."

मला अंगावर काटा आला ऐकताना. 1972 साली देवीचा रोग देशातून गेलेला नव्हता, शेवटचा रुग्ण 1975 चा, आणि तेव्हा गावोगाव फिरणाऱ्या माणसांना हेच ओळखावं लागायचं. देवीचे फोड चेहऱ्यावर, हातापायांवर जास्त, तळव्यांवरसुद्धा, आणि एका भागातले सगळे एकाच अवस्थेत. कांजिण्या छातीपोटावर दाट, कच्च्या-पिकल्या सगळ्या मिसळलेल्या, तळवे बहुतेक मोकळे. म्हणजे त्या माणसाने नऊ-दहा वर्षांच्या तात्यांच्या अंगावर जे बघितलं तेच मी आज त्यांच्या नातवाच्या अंगावर बघत होते. आणि व्हायरसही तोच. त्याच जातीचा वगैरे नाही, दुष्काळाच्या वर्षी तात्यांच्या अंगात शिरलेल्याचीच पिलावळ, पन्नासच्या वर वर्षं कण्याशेजारी पडून राहून नातवाकडे गेलेली.

घरात कुणाला नागीण झाली की मागोमाग पोरांना कांजिण्या होतात हे बुडापेस्टच्या बोकाय नावाच्या बालरोगतज्ज्ञाने 1892 मध्येच टिपलं होतं. पण हा बाहेरून आलेला नसून आतलाच जुना पाहुणा आहे हे नीट मांडलं एडगर होप-सिम्पसन नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरने, 1965 मध्ये. तो मोठ्या इस्पितळातला कुणी नव्हता, सायरनसेस्टर नावाच्या गावातला साधा जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, वर्षानुवर्षं स्वतःच्या पेशंटच्या नोंदी ठेवत बसलेला. मला ह्या माणसाचं फार कौतुक आहे, केसपेपर लिहायचा कंटाळा आला की त्याची आठवण काढते.

हे सगळं होईपर्यंत बाहेर आरडाओरडा सुरू झाला होता, पण मला पोरापेक्षा आणि तात्यांपेक्षा काळजी होती ती तिसऱ्या माणसाची. पोराचं काय, पॅरासिटामॉल, खाजेवर कॅलामाइन, नखं कापा, ॲस्पिरिन अजिबात नको, आंघोळ खुशाल घाला, फोडणीचा वास आला तर देवी कोपते वगैरे काही नसतं, सगळ्या खपल्या धरेपर्यंत शाळा बंद. पण आई सात महिन्यांची. मोठ्या माणसाला कांजिण्या झाल्या तर जड जातात, गरोदरपणात न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतं, आणि बाळंतपणाच्या आधी पाच दिवस ते नंतर दोन दिवस ह्या काळात आईला पुरळ उठली तर बाळाला व्हायरस मिळतो पण आईची प्रतिकारशक्ती मिळायला वेळच मिळत नाही. आधीच झालेल्या असतील तर प्रश्न मिटला, नसतील तर दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिकारशक्तीचं इंजेक्शन द्यायचं, ते महाग आणि आमच्याकडे मिळत नाही, सोलापूर नाहीतर पुणं गाठावं लागतं. आणि पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पोर लागण देत असतं, म्हणजे घड्याळ परवाच सुरू झालेलं.

"तुला झाल्या होत्या का गं लहानपणी?"

"काहीतरी झालं होतं. गोवर का कांजिण्या ते माहीत नाही."

मग तिथूनच माहेरी फोन, स्पीकरवर. आई शेतात, मागे ट्रॅक्टरचा आवाज, "काय झालं, पोटात दुखतंय का?" इथपासून सुरुवात. तिला शांत करून विचारलं तर म्हणाली अगं पाण्याचे फोड होते, तुला आणि मावशीच्या पोरीला एकदमच, तुझ्या कपाळावर वण आहे बघ. बघितला. डाव्या भुवईच्या वर, टिकलीएवढा, खोलगट. जीव जरा भांड्यात पडला, पण तरी रक्त घेतलं आणि आयजीजीला, म्हणजे कांजिण्यांविरुद्धची जुनी प्रतिकारशक्ती रक्तात आहे का ते बघायला पाठवलं, कारण वण लहानपणी कुठे पडल्याझडल्याचेही असतात. गुरुवारी रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह, म्हणजे तिची राखण जागेवर होती. तिने फोनवरच रडून घेतलं.

पोराला लस दिली असती तर हे बहुधा टळलं असतं. कांजिण्यांची लस जपानच्या ताकाहाशींनी 1974 मध्येच केली, पण आपल्या सरकारी लसीकरणात ती अजून नाही, बाहेर एका डोसला दोन हजाराच्या आसपास आणि डोस दोन, मजुरी करणाऱ्या घराला कुठून परवडणार. नागिणीची लस तर त्याहून कितीतरी महाग, पन्नाशीनंतर घ्यायची, ती मी तात्यांना सुचवलीसुद्धा नाही.

तात्यांच्या वाट्याला मात्र दुखणं राहिलं. फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत ॲसायक्लोव्हिर, म्हणजे ह्या व्हायरसवरची दिवसातून पाच वेळा घ्यायची गोळी, सुरू केली तर तिचा चांगला उपयोग होतो, ते दिवस गेरूत गेले. खपल्या पडल्या तरी नस धुमसतच राहिली, आता नसेच्या दुखण्यावरची प्रीगॅबालिन रात्री चालू आहे, गुंगी येते म्हणून कुरकुरतात. "पन बाबानं गाठू दिली नाय हां टोकं," हे वर ऐकवतात. मी वाद घालायचा सोडून दिलाय.

महिन्याभराने अशाच एका सोमवारी तात्या वस्तीवरच्या एका माणसाला दंडाला धरून आत घेऊन आले. कमरेवर उजवीकडे पट्टा, फोड आदल्या दिवशीचे, वर गेरूची ताजी रेघ. "ह्येला बाबाकडनं आनलंय," तात्या म्हणाले, "आता तुमची ती पाच टायमाची गोळी लिवा. आन घरात दोन ल्हान पोरं हैत, त्यांना दुसऱ्या खोलीत निजवायला मी सांगून आलोय."